पिशवीतले पांढरे जाळे

अळिंबीच्या पिशवीत पहिले पंधरा-वीस दिवस छत्री नावाची गोष्टच नसते. असते ते काडातून पसरत जाणारे पांढरे, कापसासारखे जाळे. शास्त्रीय मराठीत त्याला कवकजाल म्हणतात. इंग्रजीतला शब्द मायसेलियम. घरी अळिंबी लावणाऱ्यांच्या तोंडी मात्र ‘जाळे’ किंवा नुसते ‘पांढरी बुरशी’ असेच येते. अळिंबी हा सजीव म्हणजे हे जाळेच. छत्री हे त्याचे फळ, तेही थोड्या दिवसांचे. म्हणून घरच्या लागवडीत पीक चांगले आले की फसले, याचा निकाल बहुतेक वेळा छत्र्या दिसण्याआधीच लागलेला असतो.

जाळ्याचा एकेक तंतू इतका बारीक असतो की एका मिलिमीटरच्या रुंदीत असे शंभर-दोनशे तंतू शेजारी शेजारी मावतील. तंतू वाढतो तो फक्त टोकाकडून. मागचा भाग नळीसारखा राहतो आणि पुढच्या टोकाला माल पुरवतो. मधूनमधून फांद्या फुटतात, फांद्यांना पुन्हा फांद्या. बुरशीला तोंड नाही, पोट नाही आणि हिरवा रंग नसल्यामुळे उन्हातून अन्नही करता येत नाही. ती अन्न शरीराबाहेर पचवते. तंतूच्या टोकातून विकरे, म्हणजे एन्झाइम, पाझरतात. ती काडातले सेल्युलोज आणि लिग्निन तोडतात आणि त्यातून सुटलेली साखर तंतू शोषून घेतो. जनावर आधी खाते आणि मग पचवते. बुरशीचे याच्या नेमके उलट आहे.

लिग्निन हे झाडाला ताठपणा देणारे द्रव्य फार थोड्या सजीवांना पचते. धिंगरी अळिंबी त्यातली एक. जंगलात तिचे घर म्हणजे वठलेले खोड. ज्या झाडाचे नाव जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घेतले, त्या टेंभुर्णीचे टणक लाकूडसुद्धा शेवटी अशाच लाकूड कुजवणाऱ्या बुरशा मातीला मिळवतात. लिग्निन निघून गेले की मागे राहिलेला लगदा फिकट, पांढरट दिसतो. म्हणून या प्रकाराला ‘पांढरी कूज’ म्हणतात. धिंगरी घरी लावणे म्हणजे ही कूज निवडलेल्या काडात, निवडलेल्या बुरशीकडून करवून घेणे. अशी जाळी किती पसरू शकतात याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात आहे. तिथल्या मल्हूर जंगलात आर्मिलेरिया बुरशीचे एकच जाळे जमिनीखाली सुमारे ९६५ हेक्टरांवर पसरलेले आढळले.

ही सगळी माहिती जिथल्या घरच्या लागवडीसाठी आहे, ते टेंभुर्णी गाव जाफराबाद तालुक्यात, बुलढाण्याच्या सीमेकडच्या पट्ट्यात आहे. जालना जिल्हा बियाण्यांसाठी देशभर ओळखला जातो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिकोची स्थापना केली, तेव्हापासून ‘बियाणे’ हा इथला रोजचा शब्द आहे. साहजिकच अळिंबीच्या स्पॉनलाही लोक बियाणेच म्हणतात. पण स्पॉन बियाणे नव्हे, आणि हा फरक केवळ शब्दाचा नाही.

छत्रीच्या खालच्या पापुद्र्यांतून झडणारी धूळ म्हणजे बीजाणू. एका बीजाणूतून निघालेल्या तंतूच्या पेशीत एकाच प्रकारचे केंद्रक असते. असा तंतू वाढतो, पण त्याला सहसा छत्री धरत नाही. जुळणाऱ्या दुसऱ्या तंतूशी त्याचा संयोग झाला आणि प्रत्येक पेशीत दोन केंद्रके नांदू लागली की मगच ते जाळे फळाला येते. प्रत्येक बीजाणूचा वाण थोडा वेगळा असल्याने बीजाणू पेरून खात्रीचे पीक मिळत नाही. म्हणून प्रयोगशाळेत निवडलेले, दोन केंद्रकांचे जाळे उकडलेल्या आणि निर्जंतुक केलेल्या धान्यावर वाढवतात. हेच स्पॉन. महाराष्ट्रात त्यासाठी ज्वारी किंवा गहू वापरतात. धान्यावर स्पॉन करण्याची पद्धत अमेरिकेतल्या जेम्स सिंडेन यांची, तिचे पेटंट १९३२ चे. घरातल्या कुठल्या वस्तूशी स्पॉनची तुलना करायची तर ती विरजणाशी करावी. विरजणात दही लावणारे जिवाणू जिवंत असतात, तसे स्पॉनच्या प्रत्येक दाण्याभोवती जाळे जिवंत असते. विरजण बिघडले की दही बिघडते, तोच नियम इथे.

दाण्याचे काम दुहेरी आहे. तो जाळ्याला वाटेची शिदोरी पुरवतो आणि प्रत्येक दाणा वाढीचे एक नवे केंद्र होतो. ज्वारीचा दाणा गव्हापेक्षा लहान, त्यामुळे तेवढ्याच वजनात केंद्रे जास्त मिळतात. चांगल्या स्पॉनमध्ये सगळे दाणे पांढऱ्या जाळ्याने वेढलेले असतात, हलवले की सुटे होतात आणि वास ताज्या अळिंबीसारखा सौम्य येतो. हिरवा, काळा किंवा नारिंगी ठिपका, तळाशी चिकट पाणी किंवा आंबूस वास यांपैकी काहीही आढळले तर ती पिशवी परत करावी. स्पॉन महिन्याभराच्या आतले असावे आणि थंड जागी ठेवलेले असावे. शहरातून आणताना ते उन्हात तापलेल्या गाडीत किंवा एसटीच्या टपावर ठेवू नये. जाळे स्वतःही उष्णता सोडते आणि बंद पिशवीत ती साठत जाते. बाहेरून स्पॉन पांढरेच दिसते, पण आतले जाळे अर्धमेले झालेले असते. थर्माकोलच्या खोक्यात, पहाटे किंवा संध्याकाळी आणलेले बरे. जुन्या पिशवीतले काड काढून त्यावरच पुढची लागवड करण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात पहिल्या पिशवीतले सगळे रोग पुढच्या पिशवीत जातात आणि वाणही पिढीगणिक दुबळा होतो.

काडाची टेंभुर्णीत वाण नाही. सोयाबीनचे भुसकट, गव्हाचे काड, हरभऱ्याचा भुसा, मक्याची रिकामी कणसे, तुराट्या, पऱ्हाट्या असे सगळे या शिवारात मिळते. सुरुवातीला सोयाबीनचे भुसकट आणि गव्हाचे काड सर्वांत सोयीचे. सोयाबीनच्या भुसकटात गव्हाच्या काडापेक्षा नत्र जास्त, त्यामुळे जाळे जोमदार येते. पण त्याच नत्रामुळे पिशवी जास्त तापते आणि इतर बुरशांनाही आमंत्रण मिळते. दोन्हीचे मिश्रण करणे सुरक्षित. पऱ्हाट्या आणि तुराट्या बारीक कुटल्याशिवाय कामाच्या नाहीत. भुसकट त्याच हंगामाचे, कोरडे आणि पावसात न भिजलेले हवे. एकदा ओले होऊन वाळलेल्या भुसकटात दुसऱ्या बुरशांनी आधीच घर केलेले असते. ज्या शेतात काढणीच्या तोंडावर कीडनाशक फवारले आहे, तिथले भुसकट घेऊ नये.

दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून काड रात्रभर स्वच्छ पाण्यात भिजवतात. नंतर ८० ते ८५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात, निथळतात आणि सावलीत पसरून थंड करतात. यात सगळे जंतू मरत नाहीत आणि तसे व्हावे अशी अपेक्षाही नसते. स्पर्धक कमी व्हावेत आणि धिंगरीच्या जाळ्याला आघाडी मिळावी, एवढाच हेतू. काही ठिकाणी गरम पाण्याऐवजी कार्बेन्डाझिम आणि फॉर्मेलिनच्या द्रावणात काड बुडवून ठेवतात. ही पद्धत व्यापारी लागवडीत रुळलेली आहे, पण घराच्या ओसरीत लहान मुलांसमोर फॉर्मेलिनची वाफ उठवणे योग्य नाही. चार-सहा पिशव्यांसाठी चुलीवरचे पातेले पुरते.

ओलावा हाताने कळतो. मूठभर काड घट्ट दाबले की तळहात ओला व्हावा आणि फार तर एक-दोन थेंब गळावेत. म्हणजे पाणी साठ ते पासष्ट टक्के आहे. धार लागली तर काडातल्या हवेच्या जागा पाण्याने भरल्या आहेत असे समजावे. जाळ्याला श्वास लागतो. हवा नसलेल्या ओल्या काडात त्याऐवजी जिवाणू वाढतात आणि आंबट, कुजका वास सुटतो. नवख्यांच्या हातून सगळ्यात जास्त पिशव्या याच चुकीने वाया जातात. कोरडेपणाची भीती वाटून ते काड जरा जास्तच ओले ठेवतात.

चार-पाच किलो ओले काड मावेल अशा प्लास्टिकच्या पिशवीत काडाचा एक थर, त्यावर कडेकडेने स्पॉन, पुन्हा थर अशी भरणी होते. ओल्या काडाच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के स्पॉन, म्हणजे अशा पिशवीला साधारण शंभर ते दीडशे ग्रॅम पुरते. तोंड बांधून बाजूने टाचणीने किंवा दाभणाने बारीक भोके पाडतात.

यापुढे पिशवीत काय घडते ते दररोज बाहेरून वाचता येते. पहिले एक-दोन दिवस काहीच दिसत नाही. मोडलेले, हलवलेले तंतू सावरत असतात. तिसऱ्या दिवसाच्या आसपास दाण्यांवर बारीक लव उठते. ती काडाला चिकटली की प्रत्येक दाण्याभोवती पांढरे वर्तुळ तयार होते आणि दिवसाला काही मिलिमीटर या वेगाने पसरते. आठवड्याभरात पिशवीवर पांढऱ्या ठिगळांचा नकाशा दिसतो. पुढची गोष्ट पाहण्यासारखी असते. शेजारच्या दाण्यांची वर्तुळे भिडतात तेव्हा त्यांच्यात सीमा राहत नाही. वाण एकच असल्याने तंतू एकमेकांत मिसळून जोडले जातात आणि शेकडो दाण्यांपासून निघालेली जाळी एक होतात. त्यानंतर एका कोपऱ्यातले पाणी आणि अन्न दुसऱ्या कोपऱ्याला पोचू शकते. पंधराव्या ते विसाव्या दिवशी पिशवी पूर्ण पांढरी होते आणि सुटे काड दाबले तरी न सुटणाऱ्या विटेसारखे बांधले जाते. बाहेरून पांढरे झाल्यावर लगेच पिशवी फोडण्याची घाई नको. काडाच्या आतपर्यंत जाळे रुजायला आणखी दोन-तीन दिवस द्यावेत.

या काळात जाळ्याला उजेड लागत नाही. मात्र काळोख असलाच पाहिजे हा समज चुकीचा आहे. थेट ऊन नको, एवढेच. ताज्या हवेचीही फारशी गरज नसते. धिंगरीचे जाळे इतर बुरशांना न सोसवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्येही वाढते आणि बंद पिशवीचा फायदा हाच आहे. म्हणून आत काय चालले आहे हे पाहण्यासाठी पिशवीचे तोंड वारंवार उघडू नये. पाणी शिंपडायचे ते खोलीत, पिशवीत नाही.

धिंगरीच्या बहुतेक वाणांचे जाळे २२ ते २८ अंशांत उत्तम वाढते. पस्तीसच्या पुढे ते थबकते, चाळिशीच्या आसपास मरू लागते. काड पचवताना ते स्वतः उष्णता सोडते, त्यामुळे पिशवीच्या मध्यभागी खोलीपेक्षा दोन ते चार अंश जास्त असतात. खोलीत ३१ अंश असले तर आत ३५ होऊ शकतात. म्हणून पिशव्या एकमेकींना चिकटून रचू नयेत, वीतभर अंतर ठेवून मांडाव्यात किंवा टांगाव्यात. तापमापक खोलीच्या भिंतीवर अडकवणे पुरेसे नाही. एक पिशव्यांच्या मध्ये ठेवावा.

जालना जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी याहून जास्त. अशा खोलीत उन्हाळ्यात धिंगरी लावणे म्हणजे काड आणि स्पॉन दोन्ही वाया घालवणे. मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरे या कामाला फार चांगली. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि वरचा मातीचा थर दिवसाचे ऊन आत पोचू देत नाहीत आणि दिवसरात्रीतला चढउतार कमी ठेवतात. गावात असे एखादे रिकामे माळवद असेल तर सिमेंटच्या नव्या खोलीपेक्षा तेच निवडावे. फक्त भिंती आणि छत आधी चुन्याने पोतून घ्यावे. ओले गोणपाट दारा-खिडक्यांना लावण्याचा उपाय कोरड्या उन्हाळ्यात खूप लागू पडतो, आठ-दहा अंशांचाही फरक पडू शकतो. हवा कोरडी असल्याने पाणी झपाट्याने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. श्रावणात हवाच दमट, तेव्हा तेच गोणपाट फारसे काम करत नाही. पण तेव्हा त्याची गरजही कमी असते.

हंगाम त्यामुळे आपोआप ठरतो. जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत धिंगरी. तिच्या प्रकारांपैकी पावसाळ्यात साजोर-काजू आणि गुलाबी धिंगरी, दिवाळीनंतर फ्लोरिडा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा-बाराच्या घरात येतो तेव्हा जाळे मरत नाही, पण मंदावते. वीस दिवसांचे काम महिन्यावर जाऊ शकते. पिशव्या वाळलेल्या काडाच्या थरावर ठेवून वरून गोणपाट झाकले तर त्यांचीच उष्णता त्यांना पुरते. उन्हाळ्यात लावायचीच तर दुधी अळिंबी. ती ३० ते ३५ अंशांत आनंदाने वाढते. पश्चिम बंगालमधून १९७४ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले आणि कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये ‘एपीके-२’ हा वाण लागवडीसाठी दिला. तिच्या जाळ्याने काड व्यापल्यावर वरून निर्जंतुक मातीचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर द्यावा लागतो. त्याशिवाय तिला नीट छत्र्या धरत नाहीत.

साजोर-काजू म्हणून ओळखली जाणारी धिंगरी भारतात प्रथम सापडली ती हिमालयाच्या पायथ्याशी निवडुंगासारख्या दिसणाऱ्या थोराच्या वाळक्या खोडावर. १९७४ मध्ये ती लागवडीखाली आली. त्याआधी, १९६२ मध्ये, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत भाताच्या काडावर धिंगरी वाढवण्याची पद्धत बसवण्यात आली होती.

आता शत्रूंविषयी. त्यांत पहिला ट्रायकोडर्मा. टेंभुर्णीच्या शेतकऱ्याला हे नाव नवे नाही. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या मर रोगावर ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया करण्याचा सल्ला त्याला दरवर्षी मिळतो. जमिनीत ही बुरशी मित्र आहे, कारण ती इतर बुरशांच्या तंतूंवर वाढून त्यांना खाते. अळिंबीच्या खोलीत नेमकी तीच गोष्ट घातक ठरते. सुरुवातीला तिचे जाळेही पांढरेच असते, पण विरळ आणि भुरभुरीत. दोन-चार दिवसांत त्यावर गडद हिरवी भुकटी येते. ज्या हातांनी ट्रायकोडर्माची पाकिटे फोडली, त्या हातांनी, त्या कपड्यांनी किंवा त्या घमेल्याने स्पॉन हाताळू नये. बीजप्रक्रिया आणि अळिंबी यांची जागा वेगळीच हवी. हिरवा डाग नाण्याएवढा असताना पिशवी खोलीबाहेर नेऊन तेवढा भाग मीठ किंवा चुना टाकून झाकता येतो. पिशवीभर पसरला असेल तर ती न उघडता बाहेर न्यावी आणि पुरावी. खोलीत उघडली तर हिरवी भुकटी सगळ्या पिशव्यांवर बसते.

रंगांची भाषा लवकर शिकावी. नारिंगी, झपाट्याने फुगणारी बुरशी दिसली तर काड नीट तापले नव्हते. काळे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके ही भाकरीवर येते त्या जातीची बुरशी. काळी पडून शाईसारखी विरघळणारी नाजूक छत्री उगवली, तर काडात नत्र आणि ओल जास्त झाली. ती छत्री खाऊ नये, आणि धिंगरीशिवाय पिशवीतून आलेली दुसरी कोणतीही छत्री खाऊ नये. पांढऱ्या जाळ्यावर पिवळसर थेंब दिसले तर लगेच घाबरायचे कारण नाही. उष्णतेचा ताण किंवा शेजारी आलेले जिवाणू यांमुळे जाळे असा द्रव सोडते. तापमान पाहावे आणि वास घ्यावा. वास गोडसर-सौम्य असेल तोवर पिशवी ठीक असते.

जाळे फळाकडे वळते ते परिस्थिती बदलल्यावर. बंद पिशवीतली ऊब, कोंडलेली हवा आणि काळोख हे जाळ्याला लाकडाच्या आत असल्यासारखे असते. पिशवी फाडली की खोडाच्या बाहेर आल्याचा इशारा मिळतो. ताजी हवा, थोडा उजेड, थोडा गारवा, दमटपणा. तीन ते पाच दिवसांत टाचणीच्या डोक्यासारख्या गाठी दिसतात. आता हवा खेळती हवी, दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर आणि उजेड वर्तमानपत्र वाचता येईल इतका. कोंडलेल्या खोलीत देठ लांब आणि टोपी बारीक होते. म्हणजे जाळे अजून हवेच्या शोधात आहे. पाणी फवाऱ्याने, धुक्यासारखे, दिवसातून दोन-तीनदा. कोवळ्या गाठींवर धार पडली तर त्या पिवळ्या पडून सुकतात.

टोपीची कड आत वळलेली असतानाच पिळून काढावी. ती सपाट होऊन वर वळली की बीजाणूंचा धुरळा सुरू होतो. तो रोज नाकात गेला तर काहींना खोकला, ताप आणि दम लागण्याचा त्रास होतो. जास्त पिशव्या असतील तर मास्क लावूनच खोलीत जावे. पहिल्या काढणीनंतर देठाचे अवशेष खरवडून काढावेत, पिशवी ओली ठेवावी. जाळे आठ-दहा दिवसांत पुन्हा साठा करते आणि दुसरा बहर येतो, मग तिसरा. सगळे बहर मिळून दहा किलो कोरड्या काडापासून पाच ते सात किलो ताजी धिंगरी निघते.

अनेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट म्हणजे काडात नत्र कमी पडले की धिंगरीचे जाळे शिकार करते. तंतूवरचे सूक्ष्म थेंब सूत्रकृमींना बधिर करतात आणि तंतू त्यांच्यात शिरून त्यांना पचवतात. कॅनडातल्या संशोधकांनी १९८४ मध्ये हे नोंदवले.

पहिल्यांदा लावणाऱ्याने पाच-सहा पिशव्यांच्या पुढे जाऊ नये आणि प्रत्येक पिशवीवर तारीख लिहून रोजचे तापमान वहीत उतरवावे. जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवर संशोधन चालते. अडले की वही आणि बिघडलेल्या पिशवीचा फोटो घेऊन तिथल्या तज्ज्ञांना विचारावे. तिसऱ्या बहरानंतर उरलेले काड मऊ, हलके आणि तपकिरी झालेले असते. रसायन वापरले नसेल तर ते शेणखताच्या खड्ड्यात मिसळावे. पुढच्या हंगामापर्यंत त्याचे शेतात घालण्याजोगे खत होते.